डोळ्यांत टिपूस नाही

धाकटीच्या दोन्ही पापण्यांत कागदाची एकेक पट्टी अडकवून डॉक्टरीणबाई बाहेर गेल्या. "डोळे मिटून बसा," एवढंच बोलल्या.

थोरलीने तोंड फिरवलं. बहिणीच्या ओठांवरच्या चिरा, टाळ्याला चिकटणाऱ्या जिभेचा आवाज, दर दोन वाक्यांनी पाण्याच्या बाटलीला तोंड लावणं, सगळ्याचीच तिला किळस येत होती. आईने फोनवर गळ घातली नसती तर ती आलीच नसती.

"ताई, मशीन बंद ठेवून आलीस?"

"हो. ब्लाउज खोळंबलेत."

थोरलीच्या बुडाखालचं स्टूल सारखं कुरकुरत होतं. तिने पर्समधून शिलाई मशीनच्या तेलाची बाटली काढली. येताना वाटेतल्या दुकानातून भरून घेतली होती. इवलीशी, निळ्या टोपणाची, नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात कधीतरी रिकामी सापडलेली. लेबल खरवडून तिने ती कामाला लावली होती. स्टुलाला दोन थेंब सोडून तिने ती परत ठेवली.

वर्षभर दोघींचा अबोला होता. तो सुरू झाला त्या दुपारी थोरलीच्याच स्वयंपाकघरात धाकटी म्हणाली होती, "भाऊजींनी माझा हात धरला. सोडेनात." बोलताना अडखळत होती, घटाघटा पाणी पीत होती, डोळ्यांत मात्र टिपूस नाही. थोरलीने नवऱ्याला जाब विचारला. तो मोरीत जाऊन तोंड धुऊन आला आणि ढसाढसा रडला. "लेकीसारखी मानली गं तिला." गालांवरून नुसत्या धारा. थोरलीने बहिणीला घराबाहेर काढलं. इतकं घाणेरडं बोलून वर ठणठणीत कोरडी, याची शिसारी अजून गेली नव्हती.

डॉक्टरीणबाई परत आल्या. त्यांनी पट्ट्या काढून उजेडात धरल्या. जवळजवळ कोरड्याच.

"रक्ताचा रिपोर्टही तेच सांगतोय. शरीराने ज्या शक्तीने रोगाशी लढायचं, तीच उलटून स्वतःच्या ग्रंथींवर तुटून पडलीये. त्यामुळे ना लाळ, ना अश्रू."

"रडू आलं तरी?" थोरलीने विचारलं.

"रडू येईल. पाणी येणार नाही. निदान दोन-तीन वर्षं तरी हे चाललं असेल."

थोरलीला स्वतःचीच घाण वाटली. पण लगेच तिने मन घट्ट केलं. हिचं काहीही असो, तो तर रडला होता. खरोखर रडला होता. धारा तिने स्वतःच्या पदराने पुसल्या होत्या.

"डोळ्यांत थेंब घालत नव्हतात का?" डॉक्टरीणबाईंनी धाकटीला विचारलं.

"घालायचे. नवीकोरी बाटली ताईकडे राहिली, त्या दिवशी. मागायला कुठल्या तोंडाने जाणार? दुसरी घ्यायची राहूनच गेली."

"हेच थेंब ना?" डॉक्टरीणबाईंनी खणातून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. "हे कृत्रिम अश्रू. एकदम जास्त पडले तर गालांवरून ओघळतात, घाबरू नका."

थोरली बघत राहिली. मग तिने पर्स उघडली आणि आपली तेलाची बाटली त्या बाटलीशेजारी ठेवली. दोन्हींची टोपणं निळी होती.