डाव्या बाजूचं वजन

"हिच्यात कलिंगडं ठेवा नाहीतर विटा ठेवा काका, सायकलला कळणारही नाही." सायकलच्या दुकानातल्या रेहानाने पिशवीच्या तळाची चकती फिरवली. आत दोन कलिंगडं होती, तरी पिशवी तिच्या बोटावर अलगद तरंगत राहिली. अशा पिशव्यांमुळे शहरात आता कुणाच्याच कॅरिअरवर ओझं उरलं नव्हतं.

सत्तरीच्या मंदार चौबळांच्या उजव्या कोपराला पट्टी होती. त्यांनी विचारलं, "ही चकती उलटी फिरते का? वजन वाढवायला?"

"फिरते. पण तसं कुणी मागत नाही. किती हवंय?"

"चोपन्न किलो. आणि जरा डावीकडे कललेलं."

"डावीकडे? ते कशाला?" रेहानाने विचारलं.

"माझी बायको, मीनल, मागे एका बाजूला बसायची, पाय डावीकडे सोडून. चाळीस वर्षं मी तोल साधायला उजवीकडे झुकत आलो. आता ती नाही, पण अंग झुकतंच. महिन्यात तीनदा पडलो."

रेहानाने पिशवी कॅरिअरला जरा डावीकडे सरकवून बांधली आणि चकती उलटी फिरवली. मागचं चाक हलकेच दबलं.

चौबळ निघाले. सायकल सरळ चालली, पाण्यावरून होडी जावी तशी. वळणावरच्या खड्ड्याशी त्यांनी वेग कमी केला आणि मागे न बघता म्हणाले, "सांभाळ गं."