वाणाची वाटी

यामिनीवहिनींनी हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि वाणाची वाटी शलाकाच्या हातात ठेवली. लगेच शलाकाच्या मनगटावरची बांगडी तापू लागली.

बहिष्काराची बांगडी ती, गावातल्या प्रत्येकीच्या हातात असलेली. हवामान बिघडवणारा म्हणून लोकांनी मत देऊन जो माल नाकारला, त्याला हात लागला की तापायची. जितक्या जास्त लोकांनी नाकारलेला, तितकी जास्त. आत्ता तर चटकाच बसला. टेकडीमागच्या भांड्यांच्या कारखान्याची वाटी! कोळशाच्या भट्टीपायी गावानं तिथला चमचासुद्धा घ्यायचं सोडलं होतं. दिवाळीत भट्टी थंडावली आणि यामिनीवहिनींचे यजमान घरी बसले. या त्यांच्या हातच्या शेवटच्या वाट्या.

एकेक बाई वाटी हळूच सतरंजीवर ठेवू लागली. वाण असं कुणी खाली ठेवतं का? पण हळदीकुंकवाला येऊन सवाष्णीनं बांगडी तरी कशी उतरवायची! शलाकाला मात्र वाटी ठेववेना. बहिष्काराला तिनं मोठ्या हौसेनं ‘हो’ म्हटलं होतं.

“तापली ना गं?” वहिनींनी विचारलं.

“छे, कुठे काय!” शलाका कळ सोसत म्हणाली.

वहिनींनी पदराआडचा हात पुढे केला. बांगडीखाली लालभडक वळ उठला होता.

“सकाळपासून वाट्या पुसतेय,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “‘हो’ मीही म्हटलं होतं. ह्यांना अजून ठाऊक नाही.”

आणि त्यांनी पुढची वाटी उचलली.