उकिरड्यावरचा लाल स्टिकर

जपानमधल्या आमच्या गल्लीच्या कचऱ्यावर निशिगोरी आजींचं राज्य आहे. माशाचा काटा चुकीच्या पिशवीत सापडला, की पिशवीवर लाल स्टिकर लागलाच.

त्यामुळे सोमवारी सकाळी आमच्या उत्खननाच्या खड्ड्यापाशीच लाल स्टिकर दिसला, तेव्हा आम्ही खणणारे धावतच तिथे गेलो. त्यावर लिहिलं होतं, ‘शिंपले, हाडं, फुटकी मडकी एकत्र टाकली आहेत. वेगळी करा.’ शेजारी आजी कमरेवर हात ठेवून उभ्या.

आमचे प्रमुख कुरामोची सर वाकून वाकून सांगू लागले, “आजी, हा जोमोन काळातल्या शिकारी लोकांचा उकिरडा आहे हो. पाच हजार वर्षांपूर्वीचा!”

“पाच हजार वर्षं? आणि एकालाही लाज वाटली नाही?” आजी कडाडल्या. “संध्याकाळपर्यंत वेगळं झालं नाही, तर खड्डा बुजवायला लावीन!”

सरांनी तीन ट्रे मांडले आणि आम्ही आमच्या रोजच्या कामाला लागलो. गुडघ्यांवर बसून, टूथब्रशने एकेक तुकडा घासून शिंपले एका ट्रेमध्ये, हाडं दुसऱ्यात, खापरं तिसऱ्यात.

संध्याकाळी आजींनी तिन्ही ट्रे निरखून पाहिले आणि स्वतःच्या हाताने स्टिकर काढला.



“आता कसं! वेळीच कुणी ओरडलं असतं, तर पाच हजार वर्षं वाया गेली नसती.”