पुसलेला तराजू

शेवटचं पान संपलं तेव्हा वकीलसाहेबांचा चहा केव्हाच गार झाला होता. देशाची गुपितं परक्यांना विकणारा फितूर नेमका कोण, हे अगदी अखेरच्या परिच्छेदात कळलं आणि त्यांच्या तोंडून ‘अरे चोरा!’ निघून गेलं. कोर्टात उभा जन्म काढलेल्या माणसालाही लेखकानं बेमालूम चकवलं होतं.

मग सवयीनं त्यांनी पेन्सिल उचलली. वाचनालयाचे जुने सभासद रहस्यकथा वाचून झाली की शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात आपापली खूण करतात. नावं सगळी सारखी, मुखपृष्ठावर तेच पिस्तूल. खूण नसली तर तेच पुस्तक पुन्हा घरी यायचं. कुणी फुली मारतं, कुणी चांदणी काढतं. वकीलसाहेबांची खूण म्हणजे एवढासा तराजू. एक दांडी, दोन पारडी.

पेन्सिल टेकणार, तोच हात थांबला. पान त्यांनी खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं. कोपऱ्यात तराजूचा वळ होता. शिसं पुसलेलं, पण दाब राहिलेला.

पण हे पुस्तक तर त्यांनी वाचलेलंच नव्हतं!

म्हणजे कुणीतरी त्यांची खूण गिरवत होतं, आणि पुसतही होतं. कशासाठी? वाचनालयाच्या बाई हल्ली फोनवर फारच गोड बोलायच्या. पण पुस्तकं बदलून आणायची ती बायको. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ते खातं तिच्याकडेच होतं. दोघींचं संगनमत?

“अगं, घरात खोडरबर आहे का?” त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून सहज विचारल्यासारखं केलं.

भांड्यांचा आवाज थांबला. “कशाला हवाय?”

प्रश्नाला प्रश्न. असल्या साक्षीदारांना त्यांनी आजवर चांगलं पाणी पाजलं होतं.

“काही नाही. आपलं असंच.”

“असंच काय? घरात शाळेत जाणारं आहे का कोणी?”

‘नाही’ म्हणाली नव्हती. वकीलसाहेबांनी ते मनात टिपून ठेवलं.

एरवी पुस्तक संपलं की जेवताना ते शेवट सांगून टाकायचे. घास हातात नि हात हवेत. आज त्यांनी अवाक्षर काढलं नाही. सावज सावध होता कामा नये.

“संपलं ना पुस्तक? मग आज एवढे गप्प?”

“मीठ कमी पडलंय.”

“दोनदा वाढून घेतलंत, तेव्हा बरं पुरलं!”

जेवण झाल्यावर त्यांनी कोपऱ्यात ठसठशीत तराजू काढला, पुस्तक परत द्यायच्या पिशवीत टाकलं आणि कपाटाच्या आरशाकडे तोंड करून पलंगावर आडवे झाले. डोळे किलकिले ठेवून घोरायला लागले.

आरशात बायको आली. दाराशी थांबून तिनं घोरण्याचा अंदाज घेतला. पिशवीतून पुस्तक काढलं, थेट शेवटचं पान उघडलं आणि चष्म्याच्या डबीतून खोडरबर बाहेर आला. लेकराचं तोंड पुसावं तशा हलक्या हातानं तिनं तो कोपरा पुसला. फुंकर मारली.

“सापडलीस! मुद्देमालासकट!”

“अगो बाई! केवढ्यानं ओरडताय! जीव जायचा माझा.”

“गुन्हा कबूल?”

“कबूल.”

“कुणाच्या सांगण्यावरून? त्या वाचनालयाच्या बाईंच्या?”

“त्या बिचारीला कशाला गोवताय? ती एवढंच म्हणाली, ‘वहिनी, साहेबांची रहस्यकथांची कपाटं वाचून झाली, आता दुसरं काही देऊ का?’ तुम्ही दुसरं वाचणार आहात? आणि आपली खूण दिसली की पुस्तक मिटता नि दिवसभर खिडकीशी बसून राहता. मला नाही बघवत.”

“म्हणजे वाचलेली पुस्तकं माझ्या गळ्यात मारतेस?”

“देवाच्या कथा माणसं जन्मभर ऐकतात. शेवट ठाऊक असतोच की.”

“विषयांतर नको!” वकीलसाहेबांनी पुस्तकाकडे बोट रोखलं. “बाकीची असतील. पण हे पुस्तक मी आज पहिल्यांदा वाचलं. शपथेवर सांगतो.”

बायको काही बोलली नाही.

असं गप्प राहणं त्यांनी कोर्टात पाहिलं होतं. खोटा साक्षीदार असा गप्प बसत नाही. ज्याला समोरच्याची कीव येते, तो बसतो. वकीलसाहेबांनी रोखलेलं बोट खाली घेतलं. तरी एक प्रश्न त्यांनी राखून ठेवला होता. रहस्यकथा हातात घेतली की बायकोला दोन पानांत झोप यायची, आणि आज शेवट तर त्यांनी तिला सांगितलाच नव्हता.

“मग सांग,” ते म्हणाले. आवाज हवा तसा करडा लागला नाही. “फितूर कोण निघतो?”

तिनं पुस्तक पिशवीत ठेवलं आणि त्यांच्याशेजारी पलंगावर टेकली.

“आरोपीचा वकीलच.”

“तुला... तुला कुणी सांगितलं?”

“तुम्हीच. दर वेळी तुम्हीच सांगता.” तिनं त्यांच्या विस्कटलेल्या केसांवरून हात फिरवला. “आणि दर वेळी म्हणता, मला पहिल्या पानापासून संशय होता.”