ना-हरकत

लिपिकांची निवड यादी पडद्यावर उघडून पाच मिनिटे झाली, तरी दोघींची नजर तिच्यावरून हटली नव्हती. यादीत राजकन्येचे नाव भूकंपग्रस्तांच्या राखीव जागेवर होते. मालविकेचे कुठेच नव्हते. आणि रेणापूरहून रोज एसटीने येणाऱ्या राजकन्येला माऊस धरण्यापासून ऑनलाइन अर्ज भरण्यापर्यंत सारे काही, लातूरच्या याच कॉम्प्युटर क्लासमध्ये, मालविकेनेच शिकवले होते.

"ताई, आता कागदं अपलोड करायची हायत म्हणं. तेवढं करून देता का?" राजकन्येने दबकत विचारले.

मालविकेने स्कॅनर सुरू केला. मत्सर तिच्या बोटांत उतरला होता. एकेक कळ ती कुणाला तरी टोचावे तशी दाबत होती.

"नशीबवान आहेस बाई. मिनिटाला चाळीस शब्द टाइप करून आम्ही घरी, आणि तू भूकंपग्रस्ताच्या एका दाखल्यावर ऑफिसात."

"हाव, ताई," राजकन्या खाली बघत म्हणाली.

"पण हा दाखला घरात एकालाच वापरता येतो ना? मग बाकीच्यांची ना-हरकत जोडावी लागेल. आमच्याकडे असता तर भावंडांत मारामाऱ्या झाल्या असत्या. तुझ्या घरच्यांनी बरा सोडला तुझ्यासाठी?"



राजकन्येने पिशवीतून एकाच तारखेचे, मृत्यूचे पाच दाखले काढले, स्कॅनरच्या काचेवर ठेवले आणि ती जिना उतरून गेली.