कृष्णातचे झिंगे

“आबा, मेली न्हाई वं ती! नुसती कुडती काढून ठिवलीया.”

नाथाजी काचेच्या पेटीवर वाकला की हा आवाज हटकून कानात यायचा. दहा वर्षांचा त्याचा पोरगा कृष्णात, गुडघ्याला चिखल, तळहातावर झिंगीचं रिकामं कवच. कृष्णेच्या डोहातनं त्यानं फडक्यात धरून झिंगे आणले होते. बाजारातल्या जैनुद्दीन कंदीलवाल्यानं पत्र्याच्या चौकटीत काचा बसवून, सांधे राळेनं बुजवून पेटी करून दिली होती. पुढं पोरगा मोठा झाला, लगीन झालं, पलटणीत गेला. आणि इटलीच्या लढाईतनं तो यायचा तर तो गेल्याची तार आली. पेटीत मात्र त्याच झिंग्यांची नातवंडं-पतवंडं नांग्या परजत फिरत होती.

आज नाथाजीच्या सुनेचा, अंजनाचा, भाऊ दादासो विट्याहून आला होता. ही त्याची तिसरी खेप. तिकडं एक चांगला माणूस होता, अंजनाचा त्याच्याशी पाट लावावा, तिचा दुसरा संसार उभा करावा असं माहेरचं म्हणणं होतं. पण सासऱ्यानं होकार दिल्याशिवाय विधवेचा पाट लागत नाही, आणि नाथाजी त्यावर चकार शब्द काढत नव्हता. विषय निघाला की म्हणायचा, “माजी नजर गेली. पेटीचं पानी कोन बदलनार?” अंजना खाली मान घालून घागर उचलायची.

आजही तसंच झालं होतं. दादासो चहाची बशी हातात घेऊन बसला होता. बसल्याबसल्या त्यानं पेटीत डोकावलं.

“आवं मामा, ह्यो एक मेला की!”

त्यानं हात घालून झिंगा मिशांना धरून वर काढला. डोळे, पाय, लांब नांग्या, सगळं जागच्या जागी. आत कुणीच नाही. दादासो असा दचकला की ते टरफल सुटलं आणि बरोबर बशीत पडलं.

“घे! आता पी झिंग्याचा रस्सा,” अंजना म्हणाली, आणि पदर तोंडाशी नेईपर्यंत खळखळून हसली.

नाथाजीनं मान वर केली. तार आल्यापासून या घरात असं कुणी हसलं नव्हतं. पोर हसू दाबत होती, आणि ते दाबलं जात नव्हतं.

“हस, हस!” दादासो ओशाळला. “मग ह्यातला गेला कुटं?”

“ती काय, खापरीखाली. कोपऱ्यात.” नाथाजीनं काचेवर बोट टेकवलं. “कवच टाकलं की लोन्यावानी मऊ असती. बाकीचे फाडून खात्यात तिला, म्हनून दडती. कुनी छळलं न्हाई तर नवं कवच धरती. मग पोटाखाली अंडी...”

तो मध्येच थांबला. अंजनाचं हसू विरलं. ती पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली.

दादासोनं काचेला नाक लावून बघितलं. खापरीखाली पाण्यासारखंच काहीतरी हललं, एवढंच.

“मामा, मला धडधाकट मानसाला दिसंना, आन तुमी म्हनता नजर गेली!”

नाथाजीनं ओलं बोट धोतराला पुसलं. पुसून झालं तरी पुसतच राहिला.

“दिसतंय रं. समदं दिसतंय मला.” आणि अंजनाकडं न बघता म्हणाला, “पोरी, बोचकं बांद. जा भावासंगं.”

“मी कुटं जात न्हाई, मामंजी. झिंग्यांचं—”

“झिंग्यांचं मी बगतो.”

तिनं घागरीचा काठ घट्ट धरला. बाहेर दादासोच्या गाडीच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज झाला आणि थांबला.

“दादासो,” म्हातारा म्हणाला, “पाट लावा हिचा. आन मला सांगावा धाडा. सुनेच्या पाटाला सासऱ्यानं येऊ ने म्हनत्यात, म्हनू द्या. मी पोरीकडच्या मानसांत बसनार.”