बावीस पौंड

साठ सालची गोष्ट. बेंगळूरच्या एका लहानशा दवाखान्यात दीड वर्षाचा परसू तापानं बेशुद्ध पडला होता. त्याला सलाईन लावायचं होतं आणि वजनकाटा बिघडलेला.

"वजन किती याचं? त्यावरच दिवसभराचं पाणी ठरतं," डॉक्टरांनी विचारलं.

शेवंता त्याची सावत्र आई. कितीही भरवलं तरी पोराच्या अंगी लागत नव्हतं, जेमतेम चौदा पौंडांचा होता. पण परसूच्या मेलेल्या आईची आई, गंगव्वा, खाटेशी उभी होती.

"बावीस पौंड," शेवंता म्हणाली.

डॉक्टरांनी तोच हिशेब धरला. दुपारी जास्तीच्या पाण्यानं परसूच्या पापण्या सुजल्या, छाती घरघरू लागली. शेवंतानं रडत खरं वजन सांगितलं. सलाईन लगेच काढलं, पण संध्याकाळी परसू गेला.

"अव्वा, पोराला उपाशी ठेवलं म्हणाल, या भीतीनं मी खोटं बोलले," शेवंता गंगव्वाच्या पायांशी कोसळली.

गंगव्वा तिच्याशेजारी खालीच बसली.

"बावीस नाही, हे मला बी दिसत होतं गं. पण चारचौघांत तुला खोटं पाडलं, तर तू सावत्र म्हणून मी बोलते असं वाटेल तुला, म्हणून गप्प राहिले."